टीएलडी बॅजवर एकदम १२.६० आलं, हे खरंच माझ्या अंगावर पडलं असेल का?

वारणाकाठची

नमस्कार. मी एक्स-रे टेक्निशियन आहे, नऊ वर्षं झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, तिथे असते. एक डीआर (फिल्मऐवजी कॉम्प्युटरवर चित्र देणारी) एक्स-रे रूम आणि हाडांच्या ओटीत एक सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन), दोन्हीकडे मीच. रोजचे तीस-पस्तीस एक्स-रे, आठवड्यातून दोन-तीन दिवस ओटी.

सोमवारी ऑफिसातून बोलावणं आलं. ऑक्टोबर ते डिसेंबरचा टीएलडीचा, म्हणजे कामात अंगावर किती किरण पडले ते मोजणाऱ्या बॅजचा, रिपोर्ट टेबलावर होता आणि माझ्या नावाखाली कुणीतरी लाल पेनाने रेघ ओढली होती. १२.६० मिलिसिव्हर्ट. आधीच्या चार तिमाही ०.००, ०.०५, ०.०० आणि ०.१० अशा आहेत. मला पहिल्यांदा वाटलं, टिंबाची जागा चुकली असेल. मी तोच आकडा तीनदा वाचला.

मॅनेजर साहेब म्हणाले, आठ दिवसांत लेखी खुलासा द्या, चौकशी लागणार आहे. ते रागावले नाहीत, पण "तुम्ही काय केलंत?" असं विचारलं, आणि मी काय केलं हेच मला माहीत नाही. मी एप्रन घालते, थायरॉइड कॉलर घालते, बॅज एप्रनच्या आत छातीवर लावते. एक्स्पोजर कन्सोलवरून, काचेमागून देते. कधी बॅज घालायचा विसरले असेन, पण एप्रन कधी विसरले नाही.

घरी चौदा महिन्यांची मुलगी आहे, अजून अंगावर पिते. त्या रात्री तिला जवळ घेताना हात थांबला माझा. सासूबाईंना सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, आधी नोकरी सोड, बाकीचं मग बघू. नोकरी सोडणं परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर मला हे काम आवडतं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा डोस खरा असू शकतो का? बाळाला पाजू की नको? आणि खुलाशात लिहायचं काय? आमच्या इथले डॉक्टर म्हणतात, सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करून घे. ती केली. नॉर्मल आली, तरी झोप लागत नाही.

मेडफिज_पुणे

ताई, आधी बाळाचं. निर्धास्तपणे पाजा. एक्स-रे बटण सोडलं त्या क्षणी संपतो. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसंच हेही. तुमच्या अंगात, दुधात, कपड्यांत, खोलीतल्या हवेत काहीही मागे राहत नाही. अणुभट्टीत किंवा न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये किरणोत्सारी पदार्थ असतात, म्हणून तिथले नियम वेगळे. एक्स-रे मशीनमध्ये तसं काही नसतं. हे आज रात्री सासूबाईंनाही सांगा.

मी एका मोठ्या हॉस्पिटलात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर आहे. असे खुलासे वर्षाला एक-दोन तरी हाताखालून जातात.

आकड्याचा अर्थ सांगतो. आपल्याकडे कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाता कामा नये. म्हणजे १२.६० खरा धरला तरी वर्षाची मर्यादा ओलांडलेली नाही. पण एका मोजणीच्या काळात १० च्या वर गेलं की एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) पद्धतीनुसार कारण शोधावं लागतं. तुमच्यावर गुन्हा दाखल झालेला नाही. हे नेमकं कशामुळे झालं, एवढंच विचारलंय. तुलनेला म्हणून सांगतो, पोटाच्या एका सीटी स्कॅनला पेशंटला साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट मिळतात. सीबीसीने या पातळीवर काहीच कळत नाही. रक्तात फरक दिसायला याच्या कितीतरी पट डोस लागतो. तेव्हा ती नॉर्मल आली याने धीर येऊ देऊ नका आणि उद्या जरा इकडेतिकडे आली तर घाबरूही नका.

आता मला खटकलेली गोष्ट. तुम्ही म्हणता बॅज एप्रनच्या आत असतो. ०.२५ मिमी लेडचा एप्रन पेशंटच्या अंगावरून उडणारे विखुरलेले किरण नव्वद टक्क्यांहून जास्त अडवतो. मग आत १२.६० यायला बाहेर, म्हणजे तुमच्या डोळ्यांवर आणि हातांवर, शंभराच्या वर पडलेलं असायला हवं. काचेमागे उभं राहणाऱ्या आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस सी-आर्म करणाऱ्या माणसाला तीन महिन्यांत हे जवळजवळ अशक्य आहे. माझा अंदाज आहे की बॅजने डोस घेतला तेव्हा तो तुमच्या अंगावर नव्हता.

पण अंदाजावर खुलासा लिहू नका. "चुकून झालं असावं" हे वाक्य तर अजिबात नको. आधी शोधा. टीएलडी तीन महिन्यांची बेरीज सांगतो, तारीख सांगत नाही. तारीख तुम्हाला तुमच्या रजिस्टरमधून काढावी लागेल. मला एवढं सांगा: काम संपल्यावर बॅज कुठे असतो? एप्रन कुठे टांगता? या तीन महिन्यांत तुम्ही रजेवर कधी होतात, आणि त्या दिवसांत मशीन कोणी चालवलं? कंट्रोल बॅज, म्हणजे तुलनेसाठी किरणांपासून लांब ठेवायचा बॅज, कुठे ठेवलाय आणि त्याचं रीडिंग काय आलं?

आणि ऑफिसमार्फत लॅबला विचारा की तिन्ही चकत्यांची वेगवेगळी रीडिंग मिळतील का. बॅजमध्ये तीन चकत्या असतात. एकीवर तांबं-अ‍ॅल्युमिनियमची गाळणी, दुसरीवर प्लास्टिकची, तिसरी उघडी. तिन्हींच्या प्रमाणावरून किरण कुठल्या ऊर्जेचे होते याचा अंदाज लागतो.

वारणाकाठची

सर, उत्तर वाचलं आणि आधी मुलीला घेऊन बसले. खूप आभार.

कंट्रोल बॅज ऑफिसच्या कपाटात असतो, त्याचं नेहमीसारखंच आलंय. माझा बॅज... खरं तेच लिहिते. काम झालं की एप्रन काढते आणि बॅज कुडत्यावरून काढून एप्रनच्याच खांद्याच्या पट्ट्याला बाहेरून लावते. सकाळी एप्रन घालताना बॅज हाताला लागतो, विसरायला होत नाही, म्हणून ही सवय. एप्रन हुकवर असतो. घडी घालायची नाही, आत भेगा पडतात, हे आम्हाला शिकवलंय, म्हणून टांगूनच ठेवते. हुक एक्स-रे रूममध्येच आहे, चेस्ट स्टँडच्या शेजारी भिंतीला. खोली लहान आहे, दुसरी जागा नव्हती.

रजा नोव्हेंबरच्या शेवटी सहा दिवस. चुलतभावाचं लग्न होतं, माहेरी गेले होते. शेजारच्या गावचा एक टेक्निशियन बदली म्हणून आला होता. त्याचा स्वतःचा बॅज त्याच्या मूळ हॉस्पिटलचा होता, तो त्याने घातला होता म्हणतो. माझा एप्रन त्याला आखूड होतो, त्याने दुसरा वापरला. म्हणजे माझा एप्रन बॅजसकट सहा दिवस त्या हुकवर होता. लिहिताना माझ्या पोटात गोळा आला.

डार्करूम_काका

मुली, मी १९८६ साली लागलो, चौतीस वर्षं हेच काम केलं, आता निवृत्त आहे. तू एप्रन घडी न घालता टांगतेस हे वाचून बरं वाटलं. माझ्या काळात एप्रन खुर्चीच्या पाठीवर टाकायचे आणि त्यावर बसायचे.

मला एकच विचारायचंय. तुमच्या खोलीत कोलिमेटर, म्हणजे किरण निघतात त्या ट्यूबच्या तोंडावरची, किरणांची चौकट लहान-मोठी करणारी झडप, कोणी आवरतं का?

रागावू नकोस, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. फिल्मच्या काळात हे लपत नव्हतं. कोलिमेटर आवरला असेल तर फिल्मच्या चारी बाजूंना पांढरी किनार यायची, आणि डार्करूममध्ये हायपोतून फिल्म वर काढली की आमचे साहेब लाल दिव्यात पहिल्यांदा ती किनार बघायचे, फुप्फुसं नंतर. किनार नसेल तर फिल्म चांगली येऊनही बोलणी बसायची. आणि डोस जास्त झाला तर फिल्म काळी. पुरावा हातात असायचा.

डीआरमध्ये दोन्ही पुरावे गेले. डोस जास्त दिला तर चित्र बिघडत नाही, उलट गुळगुळीत आणि स्वच्छ दिसतं. आणि कोलिमेटर सताड उघडा ठेवला तर सॉफ्टवेअर कडा स्वतःच कापून नीट चौकट करून देतं. रेडिऑलॉजिस्टला कळत नाही, पेशंटला कळत नाही, हळूहळू टेक्निशियनलाही कळेनासं होतं. मी शेवटची सहा वर्षं डीआरवर काढली आणि माझ्याच हाताखालच्या पोरांचे कोलिमेटर रोज उघडे सापडायचे. चांगली पोरं होती. पण त्यांच्या कामाला कुणी पांढरी किनार मागत नव्हतं.

आता खोलीत जा. ट्यूब चेस्ट स्टँडकडे फिरव, नेहमीच्या अंतरावर घे, खोलीतले दिवे घालव, कोलिमेटर पूर्ण उघड आणि उजेड लाव. तुझ्या हुकवर उजेड पडतो का बघ.

अनुभवी_सातारा

एवढं डोकं कशाला लावताय? आमच्याकडे सगळे बॅज ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतात, तिमाहीला काढून पाठवतात, कायम शून्य येतं. बारा वर्षांत एक पत्र नाही. पुढच्या वेळेपासून तेच करा, डोक्याला ताप नको.

ओटीसिस्टर_लातूर

मी ऑर्थोच्या ओटीत सिस्टर आहे. आमच्याकडे चौघांत दोन बॅज, ज्याची ड्युटी त्याच्या गळ्यात. नावं मात्र दोन डॉक्टरांची. आम्हा सिस्टरना बॅज मागायचा हक्क आहे का, की तो फक्त टेक्निशियन आणि डॉक्टरांना? आणि मी सी-आर्मच्या कुठल्या बाजूला उभं राहायला पाहिजे? कुणी कधी सांगितलं नाही.

मेडफिज_पुणे

अनुभवी_सातारा, मी हे पूर्ण मनापासून सांगतो, कृपया असं करू नका आणि दुसऱ्यांना सांगूही नका. ड्रॉवरमधला बॅज ड्रॉवरचा डोस मोजतो. तुमच्या बारा वर्षांच्या नोंदीत तुम्ही कुठेच नाही आहात. उद्या तुमच्या मशीनची ट्यूब गळायला लागली, भिंतीत एसीसाठी भोक पाडलं, कोणी सी-आर्म उलटा लावून वापरायला लागलं, तर ते कळण्याचा तुमच्याकडचा एकमेव मार्ग तुम्ही स्वतः बंद केलाय. आणि देव न करो, पन्नाशीत डोळ्याला मोतीबिंदू झाला आणि तो कामामुळे आहे असं तुम्हाला दाखवायचं असलं, तर तुमच्या हातात काय असेल? बारा वर्षांची शून्यं.

सिस्टर, किरणांच्या खोलीत नियमित काम करणाऱ्या प्रत्येकाचा बॅज त्याच्या स्वतःच्या नावाचा असायला हवा. पद कुठलंही असो. एका बॅजवर दोघं म्हणजे दोघांचीही नोंद खोटी. हे तोंडी नको, लेखी मागा.

उभं राहण्याचं असं: सी-आर्ममध्ये तुमच्यापर्यंत पोचणारा बहुतेक डोस पेशंटच्या अंगावरून विखुरून येतो, आणि तो सगळ्यात जास्त उडतो ते किरण अंगात शिरतात त्या बाजूने, म्हणजे ट्यूबच्या बाजूने. म्हणून ट्यूब टेबलाखाली आणि वरचा, चित्र घेणारा गोल डबा पेशंटच्या शक्य तितका जवळ. ट्यूब वर घेतली की तेच विखुरलेले किरण थेट तुमच्या चेहऱ्याकडे आणि डोळ्यांकडे येतात. खुब्याचा आडवा व्ह्यू घेताना ट्यूबच्या बाजूला न थांबता डब्याच्या बाजूला या. आणि एक पाऊल मागे घ्या. अंतर दुप्पट केलं की डोस चौथ्या हिश्श्यावर येतो. फुकटात मिळणारं याहून मोठं संरक्षण नाही. सर्जनने पॅडलवर पाय ठेवण्याआधी "एक्स-रे" असं मोठ्याने म्हणायची पद्धत तुमच्या ओटीत सुरू करा. आमच्याकडे ते एका सिस्टरनेच सुरू केलं.

डार्करूम_काका

सातारकर, आणखी एक ऐका. एडिसनचा एक सहाय्यक होता, क्लॅरेन्स डॅली. तेव्हा बॅज नव्हते, माहितीही नव्हती. ट्यूब नीट चालते का हे बघायला तो रोज स्वतःचा हात किरणांत धरायचा. दोन्ही हात कापावे लागले, १९०४ मध्ये गेला, वय ३९. त्याला मोजायला साधन नव्हतं. आपल्याला ते मिळालंय आणि आपण ते ड्रॉवरमध्ये ठेवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

वारणाकाठची

काका, काल संध्याकाळी ओपीडी संपल्यावर केलं. मामांना, म्हणजे आमच्या वॉर्डबॉयना, सोबत घेतलं.

ट्यूब १८० सेंटिमीटरवर, चेस्ट स्टँडसमोर. दिवे घालवले. कोलिमेटर पूर्ण उघडला आणि उजेड लावला. स्टँडच्या मधोमध चौकोन पडला, तो स्टँडच्या दोन्ही बाजूंनी बाहेर सांडला आणि डावीकडे माझा एप्रन खांद्यापासून कमरेपर्यंत पिवळा झाला. बॅजची क्लिप चमकली. मामा म्हणाले, "ताई, हे तर तुमच्या बॅजवरच आलं की हो." मी काहीच बोलले नाही. मग छातीच्या मापाला कोलिमेटर आवरला, आणि उजेड हुकपासून वीतभर अलीकडे थांबला. एप्रन अंधारात गेला.

नंतर रजिस्टर काढलं. माझ्या सहा दिवसांच्या रजेत दोन दिवस शिबिर होतं. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या होत्या, ट्रस्टने त्यांची तपासणी ठेवली होती. टीबीसाठी सगळ्यांच्या छातीचे एक्स-रे. दोन दिवसांत ११८ नावं. बदलीच्या टेक्निशियनला फोन केला. तो घाबरून गप्प बसला, मग म्हणाला, "मॅडम, ट्रॉल्या भरून माणसं येत होती, बारीक-मोठी, उंच-बुटकी, प्रत्येकाला कोलिमेटर कुठे लावत बसू, एकदा उघडला आणि घेत सुटलो." सेटिंग ७० केव्ही आणि १० एमएएस (किरणांचा जोर आणि प्रमाण), सगळ्यांना तेच.

माझा बॅज उघड्यावर, किरणांच्या वाटेत, ११८ वेळा. हे पुरतं का सर?

मेडफिज_पुणे

पुरतं. साधारण मशीनला ७० केव्ही, १० एमएएस, १८० सेंटिमीटरवर मध्ये काही आडवं नसेल तर एका शॉटला ०.१ मिलिग्रेच्या आसपास पडतं (एक्स-रेसाठी मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट ढोबळमानाने सारखेच धरा). ११८ शॉट म्हणजे बाराच्या आसपास, रिपीट धरले तर थोडं वर. टिंबापर्यंत बेरीज जुळवायचा प्रयत्न करू नका, तुमच्या मशीनचा आउटपुट मोजल्याशिवाय ती जुळणारही नाही. आकाराने जुळतं, तारखेने जुळतं, उजेडाने दिसतं. खुलासा असाच लिहा: हुकची जागा, रजेचे दिवस, शिबिराचं रजिस्टर, उजेडाचा फोटो, बदलीच्या माणसाचं निवेदन. बॅज एप्रनला लावून ठेवायची सवय तुमची होती, हेही लिहा. तो डोस तुमच्या अंगावरचा नाही असं चौकशीत ठरलं तर नोंदीत तशी दुरुस्ती होऊ शकते.

ताई, तुम्ही हे फार नीट शोधलंत.

वारणाकाठची

सर, आता माझी काळजी मिटली, पण दुसरी लागलीय आणि ती मला जास्त टोचते.

बॅजवर जे पडलं ते हुकवर. पण त्या उजेडात मी उभी राहून बघितलं. मामांना म्हटलं, मी स्टँडला छाती लावते, तुम्ही मागून बघा उजेड कुठून कुठपर्यंत येतो. म्हणाले, "डोक्यापासून मांडीपर्यंत." म्हणजे त्या ११८ माणसांच्या छातीसोबत गळा, जबडा, डोळे, पोट, ओटीपोट सगळंच किरणांत होतं, काहीही गरज नसताना. आणि ती यादी मी वाचली. त्यात ४९ बायका आहेत. बहुतेकींचं वय वीस ते पस्तीस. आमच्या रजिस्टरमध्ये पाळीची तारीख विचारायचा रकानाच नाही. त्या दिवशी त्यांना कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. ऊसतोडीला आलेली बाई स्वतःहून सांगणार नाही, तिला वाटेल आजची मजुरी बुडेल, मुकादम बोलेल.

माझ्या बॅजने तीन महिन्यांनी का होईना सांगितलं. त्यांच्याकडे सांगणारं काहीच नव्हतं. त्यांच्यात एखादी गरोदर असली तर काय?

मेडफिज_पुणे

प्रश्न योग्य आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. पाठीमागून घेतलेल्या छातीच्या एका एक्स-रेला, कोलिमेटर उघडा असला तरी, गर्भापर्यंत पोचणारा डोस एक मिलिग्रेच्या शतांशांत मोजावा असा असतो. पाठीवर पडलेल्या ०.१ मधला बराचसा अंगातच मुरतो. गर्भाला इजा होण्याची चिंता जिथे सुरू होते ती पातळी १०० मिलिग्रेच्या आसपास आहे. म्हणजे हजारो पटींचा फरक. त्या बायकांना शोधून घाबरवू नका, त्यांचं नुकसान झालंय असं मानू नका, आणि या कारणासाठी गर्भपाताचा विचार तर कोणाच्याही मनात येऊ देऊ नका. छातीचा एक्स-रे गरज असेल तर गरोदर बाईचाही काढतात. टीबी चुकणं आईला आणि बाळाला, दोघांनाही फार जास्त धोक्याचं आहे.

पण तुम्हाला जे टोचतंय ते बरोबर आहे. डोस लहान आहे म्हणून तो फुकट द्यायचा का? छातीसाठी छातीएवढाच, हा त्या माणसाचा हक्क आहे. तो ट्रॉलीतून उतरलेला असला तरी.

एक सांगतो, पूर्वी आपण पेशंटच्या ओटीपोटावर लेडचा तुकडा ठेवायचो. २०१९ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने ती रोजची सवय थांबवा असं सांगितलं, कारण तो तुकडा सरकतो, चित्रात येतो, रिपीट होतो, आणि शरीराच्या आतून विखुरणारे किरण तो अडवतही नाही. तेव्हा शिबिरासाठी लेडचे तुकडे मागवू नका. कोलिमेटर आवरा, आणि विचारा.

डार्करूम_काका

मुली, त्या पोराला दोष देऊन थांबू नकोस. तू त्याला खोली सोपवताना काय सांगितलं होतंस?

वारणाकाठची

काका, चावी कुठे ठेवायची ते सांगितलं होतं. बस.

त्यालाच परवा बोलावून घेतलं. अंधार करून उजेड दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हे कधी असं बघितलंच नव्हतं. उजेड नेहमी दिवे चालू असताना लावतो, फिकट दिसतो, कडा कुठे गेल्या ते लक्षातच येत नाही.

या आठवड्यात झालेलं लिहिते. हुक काढून कन्सोलच्या बाजूला, काचेमागे लावला. बॅजसाठी वेगळी फळी केली, प्रत्येकाच्या नावाची खिळ्याखाली पट्टी. एप्रनला बॅज लावायचा नाही. रजिस्टरमध्ये पंधरा ते पन्नास वयाच्या बायकांसाठी शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना आखला. दारावर पाटी होतीच, पण इंग्रजीत. आता मोठ्या मराठीत लावलीय: "तुम्ही गरोदर आहात किंवा तशी शंका वाटते, तर एक्स-रेच्या आधी ताईंना सांगा. एक्स-रे लागला तर काळजी घेऊन काढू. मजुरी बुडणार नाही." शेवटचं वाक्य ट्रस्टींना विचारून लिहिलं, त्या दिवसाची मजुरी शिबिराच्या खर्चातून द्यायला ते तयार झाले. वाचता न येणाऱ्या बायकांना विचारायला शिबिरात एक आशाताई दाराशी बसवायची, हेही ठरलं. पुरुषांसमोर नाही, आत घेऊन विचारायचं. लहान मुलाला धरायची वेळ आली तर नातेवाईकाला एप्रन घालून धरायला सांगायचं, तेही गरोदर नाही ना हे विचारून. मामांना रोज धरायला लावत होतो, ते बंद.

खुलासा काल दिला. सगळं खरं लिहिलं. मॅनेजर साहेबांनी वाचला आणि म्हणाले, यातलं अर्धं आम्हाला माहीतच नव्हतं.

डार्करूम_काका

शाब्बास. आता एक शेवटचं काम. उजेडाची चौकट आणि किरणांची चौकट एकच आहे का ते बघितलंस? उजेड आरशावरून येतो, आरसा हलला की उजेड एकीकडे आणि किरण दुसरीकडे. टेबलवर डिटेक्टर लाव, १०० सेंटिमीटरवर चौकट आखून घे, उजेडाच्या चारी कडांना एकेक रुपयाचं नाणं कडेला टेकवून आत ठेव आणि बाहेरही एकेक ठेव. कमी सेटिंगला एक शॉट. सॉफ्टवेअरची कापाकापी बंद करून मूळ चित्र बघ. आतली चार नाणी किरणांत दिसली पाहिजेत, बाहेरची दिसता कामा नयेत.

वारणाकाठची

काका, आत्ताच करून आले. तीन बाजू बरोबर आहेत. खिडकीकडच्या बाजूचं बाहेरचं नाणंही दिसतंय, पूर्ण गोल, आणि त्याच्याही पुढे बोटभर पांढरं नसून काळं आहे. म्हणजे तिकडे किरण उजेडाच्या बाहेर जातात. मोजलं तर साडेतीन सेंटिमीटर.

क्यूएचा, म्हणजे मशीनच्या गुणवत्ता तपासणीचा, रिपोर्ट काढला. शेवटचा होऊन दोन वर्षं आणि चार महिने झालेत.

मेडफिज_पुणे

ताई, १०० सेंटिमीटरला साडेतीन हे चालणार नाही, दोनच्या आत हवं. क्यूए दोन वर्षांतून एकदा व्हायलाच पाहिजे. ऑफिसला आजच मेल करा आणि चित्र सोबत जोडा. इंजिनिअर येईपर्यंत उजेड त्या बाजूने साडेतीन सेंटिमीटर आत घेऊन काम करा, आणि तशी चिठ्ठी कोलिमेटरवरच चिकटवा म्हणजे बदलीच्या माणसालाही दिसेल.

वारणाकाठची

मेल केला. चिठ्ठी चिकटवली. इंजिनिअर मंगळवारी येणार आहे. आरसा बसवल्यावर परत नाणी ठेवून बघते आणि इथे लिहिते.